'क्राउड बरा नाही' म्हणजे नक्की काय गं?

या वेळचं पत्र ब्रुकलिनहून आलंय. जरा छोटं करून देते.

"ताई, आमची मुलगी पुढच्या सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाईल. आमच्या झोनची, म्हणजे पत्त्यावरून लागणारी, पब्लिक शाळा घरापासून तीन ब्लॉकवर आहे. तिथे जवळजवळ सगळी मुलं ब्लॅक आणि हिस्पॅनिक, बरीचशी शेजारच्या सरकारी हाउसिंगमधली. वेबसाइटवर रेटिंग दहापैकी तीन. नवरा म्हणतो लीज संपलं की न्यू जर्सीत एडिसनला जाऊ. ऑफिसातली मैत्रीण म्हणते गिफ्टेडला, म्हणजे हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गांना, ट्राय कर. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, 'तिथला क्राउड कसा आहे गं?' आणि मला काही बोलताच आलं नाही. मी स्वतः साताऱ्यात नगरपालिकेच्या शाळेत शिकले. आता मला कळेनासं झालंय की मी मुलीची काळजी करतेय की मी पण तसलीच झालेय. – ब्रुकलिनची एक आई"

अगं,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं. आधी सरळ उत्तर देऊन टाकते, उगाच पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. घरं नंतर बघा, आधी ती शाळा आत जाऊन बघा, दोघांनीही. आणि आत गेल्यावर बोट ठेवून सांगता येईल अशी काही खोट दिसली नाही, तर पोरीला तिथेच घाल.

आणि काळजी करतेयस की तसलीच झालीयस याचं म्हणशील तर दोन्ही एकाच वेळी असू शकतं. पोरीची काळजी खरीच आहे, ती आईला असणारच. पण कोणाला बघून पोटात गोळा येतो आणि कोणाला बघून हायसं वाटतं हे आपण कधी बसून ठरवलेलं नसतं, ते आजूबाजूच्यांकडून ऐकून ऐकून अंगात मुरलेलं असतं, आणि मूल शाळेत घालायची वेळ आली की ते सगळं वर येतं. तुला तो प्रश्न पडला, काकूंना पटकन काहीतरी उत्तर देऊन मोकळी झाली नाहीस, याचं मला फार बरं वाटलं.

क्राउड हा शब्द आपण पुण्यामुंबईहून बॅगेत घालून आणलाय बघ. फ्लॅट बघायला गेलं की क्राउड, डान्स क्लास लावायचा तर क्राउड, शाळेचं तर बोलायलाच नको. तिथे कुठल्या जातीची पोरं येतात असं कोणी तोंडाने विचारत नाही, ते बरं दिसत नाही ना, क्राउड कसा आहे विचारलं की समोरच्याला बरोबर कळतं. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांवरून तिकडच्या शाळांमध्ये पालक काय काय बोलतात ते माझी भाची मला सांगत असते, आमची मुलं शिव्या शिकतील, डबा कसा शेअर करणार, वगैरे. २०२४ च्या फेब्रुवारीत तर सरकारनेच नियम बदलला, की खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेने ही मुलं घ्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला म्हणून बरं. इकडे शब्द वेगळे आहेत, गुड स्कूल, सेफ नेबरहूड, इन्व्हॉल्व्ह्ड पेरेंट्स, पण अर्थ तोच, आणि आपल्या लोकांना तो शिकवावाच लागत नाही, उतरल्या उतरल्या समजतो. व्हॉट्सॲपवर ब्लॅक लोकांसाठी आपल्यात जो शब्द सर्रास वापरतात तो मी इथे लिहिणार नाही, तुला माहितीये, आणि तुझी पोर पण लवकरच तो ऐकेल, म्हणून घरात त्याची आत्तापासून बंदी घाला.

आता माझं सांगते, कारण हे सगळं मी करून बसलेय.

१९९६ साली आम्ही क्वीन्समध्ये राहायचो आणि मुलगा पाच वर्षांचा होता. झोनची शाळा दोन ब्लॉकवर, लाल विटांची, तीन मजली, रोज तिच्यावरूनच सबवेला जायचे मी. आमच्या बिल्डिंगच्या लाँड्रीत चौघी जणी भेटायचो, दोन आपल्याकडच्या, एक गुजराथी, एक फिलिपिनो, आणि सगळ्यांचं एकच, अगं ती शाळा नको, तिथली मुलं फार वाईट. मी कधीही कोणाला विचारलं नाही की तुला कोणी सांगितलं, कारण चौघींपैकी एकीचंही मूल त्या शाळेत नव्हतं, एकीनेही तिची पायरी चढलेली नव्हती. आम्ही एप्रिलमध्ये न्यू जर्सीत घर बघितलं, जूनमध्ये गेलो. ह्यांचा प्रवास जाऊन-येऊन पावणेतीन तास झाला, पुढची आठ वर्षं आठवड्यातले पाच दिवस ह्यांनी पोराला झोपलेलंच बघितलं, आणि आम्ही त्याला म्हणायचो मुलासाठी केलेला त्याग.

२०१७ मध्ये रिटायर झाले तेव्हा मुलांचं वाचन घ्यायला व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. सगळं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं माझं, शिकवणं मला येत नाही, पण शेजारी बसून ऐकणं येतं. शाळा ते ठरवून देतात. मला आली ती शाळा म्हणजे तीच, लाल विटांची. एकवीस वर्षांनी मी पहिल्यांदा तिची पायरी चढले.

सकाळचे आठ वीस झाले असतील, किंडरगार्टनची मुलं सतरंजीवर बसलेली, एकीकडे दुधाचे छोटे खोके अजून उघडेच. एक मुलगी होती, बारीक बारीक वेण्या आणि प्रत्येक वेणीच्या टोकाला पांढरे-जांभळे मणी, मान हलवली की त्यांचा टकटक आवाज यायचा. टीचरने 'शिप' म्हटलं. तिने तो शब्द बोटांवर फोडला, एका बोटावर श, दुसऱ्यावर इ, तिसऱ्यावर प, आणि मग तिन्ही बोटं मिटून मुठीत धरली आणि म्हणाली शिप. तिच्या शेजारचा मुलगा नुकताच इक्वेडोरहून आलेला, त्याला इंग्लिश येत नव्हतं, तर हिने त्याची बोटं स्वतःच्या हाताने उघडली आणि त्याच्याकडून परत करून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

जेवणाच्या सुट्टीत मी टीचरला विचारलं किती वर्षं आहात इथे. ती म्हणाली १९८९ पासून, ह्याच खोलीत. मी तिथे छोट्या खुर्चीत बसलेली, गुडघे हनुवटीपर्यंत, आणि माझ्या डोक्यात एकच आलं की म्हणजे ही माझ्या पोराची टीचर असती. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये ही ह्याच खोलीत ह्याच सतरंजीवर बसून श शिकवत होती, आणि मी लाँड्रीतल्या बायकांचं ऐकून पोराला घेऊन नदीपलीकडे निघून गेले. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही. माझा मुलगा छान शिकला, त्याचं काही वाईट झालं नाही, तो मुद्दाच नाही. मी न बघता निघाले, हा मुद्दा आहे.

म्हणून म्हणते, बघ आधी.

आता त्या रेटिंगचं. दहापैकी तीन वाचलं की आपल्याला वाटतं शिकवणं दहापैकी तीन आहे. तसं नसतं गं. त्या आकड्यात मोठा वाटा परीक्षेच्या मार्कांचा असतो, आणि तिसरीतल्या मुलांचे मार्क बघितले तर त्यातलं कितीतरी शाळेच्या दारात पाऊल ठेवायच्या आधीच ठरलेलं असतं, घरात पुस्तकं किती, आई रात्रपाळीला आहे का, वर्षात घर किती वेळा बदललं. शाळेने काय केलं ते बघायचं तर पोरं कुठून कुठपर्यंत आली ते बघावं लागतं. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन नावाचे प्रोफेसर आहेत, त्यांनी अख्ख्या देशातल्या डिस्ट्रिक्टचे मार्क गोळा करून तेच बघितलं, तर ज्या शिकागोच्या पब्लिक शाळांना सगळे नावं ठेवतात तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकत होती. सरासरी मार्क तरीही कमी, कारण सुरुवातच मागून. रेटिंगवाल्या साइटवर ग्रोथचा वेगळा भाग असतो, तो उघडून बघ, आणि न्यूयॉर्कचं शिक्षण खातं प्रत्येक शाळेचा जो क्वालिटी स्नॅपशॉट काढतं तो वाच, त्यात टीचर आणि पालकांच्या सर्व्हेची उत्तरं पण असतात. टीचर लोक प्रिन्सिपलवर विश्वास ठेवतात का हा त्यातला एक प्रश्न, माझ्या मते सगळ्यात कामाचा.

तुझ्या नवऱ्याच्या एडिसन प्लॅनबद्दल मी त्याला दोष देत नाही, तो पण आईबापांनी केलं तेच करतोय, पोरासाठी उठून जायचं. पण तिथली शाळा फुकट नाही हे त्याला सांग, तिची फी घराच्या किमतीत आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये असते. आणि अजून एक, तो म्हणतो तिकडे चांगला क्राउड, तर एडिसनमधल्या काही शाळांत निम्म्याहून जास्त मुलं आपलीच, एशियन. म्हणजे तुझी पोर इथे शंभरात एक तर तिथे शंभरात साठ, इथलं जर तुम्हाला खटकतं तर तिथलं का खटकत नाही, हे एकदा दोघांनी रात्री पोर झोपल्यावर शांतपणे बोला. मला खरंच वाटतं यावर भांडण न होता बोलणं होऊ शकतं.

आणि तुझ्या घराच्या तीन ब्लॉकवर सगळी ब्लॅक आणि हिस्पॅनिकच मुलं का, हे आपोआप झालेलं नाही. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्जवाल्यांनी शहरांचे नकाशे काढले, ज्या भागात ब्लॅक लोक राहतात तो लाल रंगवला, ब्रुकलिनमधलं बेड-स्टाय असंच लाल. लाल भागात कर्ज मिळायचं नाही, घर घेता आलं नाही तर पुढच्या पिढीला द्यायला काही उरायचं नाही. शाळा कोणाला कुठली ते पत्त्यावरून, आणि पत्ता रंगावरून. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रंगावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तरी न्यूयॉर्कमध्ये काही हललं नाही, कारण इथे तसा कायदाच नव्हता, नुसते झोन होते.

३ फेब्रुवारी १९६४ ला या शहरातल्या ४ लाख ६० हजारांच्या आसपास पोरांनी शाळेवर बहिष्कार टाकला. ब्रुकलिनचे रेव्हरंड मिल्टन गॅलमिसन आणि बेयार्ड रस्टिन यांनी ते उभं केलं होतं, मुलांचं एवढं मोठं आंदोलन दक्षिणेतही झालं नव्हतं. मागणी एकच होती, की गोऱ्या आणि ब्लॅक मुलांना एकत्र शिकवायचं वेळापत्रक द्या. पुढच्याच महिन्यात हजारो गोऱ्या आया-बाया ब्रुकलिन ब्रिजवरून चालत सिटी हॉलवर गेल्या, त्यांची मागणी काय तर आमची शेजारची शाळा आम्हाला ठेवा. बघ ना, तेव्हा शेजारची शाळा हवी होती, कारण शेजार गोरा होता. आज त्याच शहरात शेजार बदलला की लोकांना शेजारची शाळा नको असते, चॉइस हवा असतो. मग १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की शहर आणि त्याच्या उपनगरांमधली शाळांची हद्द ओलांडून मुलं मिसळायला भाग पाडता येणार नाही, ती डेट्रॉइटची केस होती. तेव्हापासून हद्द ओलांडून उपनगरात जाणं हा पैसेवाल्यांचा हक्काचा रस्ता झाला. मी १९९६ ला त्याच रस्त्याने गेले.

हे तुला गिल्ट द्यायला नाही सांगत. आपला काय संबंध, आपण तर नंतर आलो, असं मंडळात हमखास म्हणतात म्हणून सांगतेय. आपण आलोच कसे ते बघ. १९६५ आधी भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांचा कोटा होता. तो देशानुसारचा कोटा मोडला १९६५ च्या कायद्याने, आणि ब्लॅक लोकांनी रस्त्यावर मार खाऊन सिव्हिल राइट्सचे कायदे करून घेतले नसते तर तो कायदा पास होणं अवघड होतं. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्यातले एक, इमॅन्युएल सेलर, हे तर तुझ्या ब्रुकलिनचेच खासदार. तुझा आणि माझा व्हिसा त्या दारातून आला. त्या लोकांच्या नातवंडांशेजारी आपली पोर बसवायला आपण कचरतो, हे मला आता सहन होत नाही.

आणि तू तर साताऱ्याची. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्याच सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. वर्गात बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावं लागायचं, वेगळं बसायचं, पाणी शिपायाने वरून ओतलं तरच, शिपाई नाही तर पाणी नाही. तेरा वर्षांनी ते न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला आले, तुझ्या घरापासून सबवेने तासाभरावर. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम १९१९ मध्ये काढला, म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या पस्तीस वर्षं आधी. आणि जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. कोणाशेजारी कोण बसणार, हा प्रश्न आपल्या घरातला आहे गं, इकडे येऊन पहिल्यांदा ऐकलेला नाही.

बरं, गिफ्टेड. २०२० पर्यंत चार वर्षांच्या पोरांची त्यासाठी परीक्षा असायची आणि त्याचे क्लास, वर्कबुकं, सगळा बाजार, आपली पोरं त्यात पुढे, ब्लॅक आणि हिस्पॅनिक पोरं नावाला. मग परीक्षा गेली, प्री-के मधल्या (किंडरगार्टनच्या आधीच्या वर्षातल्या) टीचरने नाव सुचवायचं आणि मग जागा लॉटरीने. नाव द्यायचं तर दे, त्यात पाप नाही. पण चार वर्षांच्या मुलीत काय गिफ्टेड काय साधं, ती रोज बदलते, आणि लॉटरीने लागलेली शाळा चाळीस मिनिटं बसने लांब निघाली तर तिची सकाळ त्यात जाते. पुढे स्टायव्हेसंटला, त्या परीक्षा देऊन मिळणाऱ्या हायस्कूलला, घालायचंय म्हणून आत्तापासून, असं नवरा म्हणत असेल (म्हणत असेलच), तर तिथलं चित्र त्याला दाखव, २०१९ मध्ये ८९५ जागा देऊ केल्या त्यात ब्लॅक मुलं ७. आपली पोरं मेहनतीने जातात, क्वीन्समधल्या गरीब बांगलादेशी आणि चिनी घरांतली पण जातात, त्यांचा मला अभिमान आहे. पण तेवढ्या मोठ्या शहरात सात, हे बघून नुसतं आपलं झालं म्हणून गप्प बसायचं का.

आता टूरला काय बघायचं. पेरेंट कोऑर्डिनेटरला फोन कर, ती टूर ठरवून देते, आणि शाळा चालू असतानाची सकाळ माग, संध्याकाळचं ओपन हाउस नको, तिथे सगळंच छान दिसतं. बोर्डावरची सजावट बघू नकोस, भिंतीवर मुलांनी स्वतः लिहिलेलं काय आहे ते वाच, सगळ्यांचं एकसारखं आहे का वेगवेगळं. टीचर मुलांशी कुठल्या आवाजात बोलते, ओरडते का, वाकून बोलते का. कॉरिडॉरमध्ये मुलं भिंतीला हात न लावता तोंडावर बोट ठेवूनच चालतात का, की थोडी गडबड चालते. गरीब मुलांच्या शाळेत शिस्तीचा अतिरेक असला तर ते मी चांगलं लक्षण मानत नाही, तुला दिसलं तर नक्की विचार. वाचन २०२३ पासून शहराने टप्प्याटप्प्याने सगळीकडे ठरवून दिलंय, आवाज फोडून, फोनिक्स, तर ते कसं चाललंय बघ, आणि ज्या मुलाला जमत नाही त्याच्यापाशी कोण बसतं ते विचार. गेल्या दोन वर्षांत किती टीचर सोडून गेले. प्रिन्सिपल किती वर्षं आहे. वर्गात किती मुलं, राज्याचा २०२२ चा कायदा आहे की तिसरीपर्यंत वर्गात वीसपेक्षा जास्त नकोत, २०२८ पर्यंत पूर्ण करायचं असं त्यात ठरलं होतं, यांचं कुठपर्यंत आलंय. मैदान, लायब्ररी उघडी आहे का नुसती कुलपात. नर्स रोज असते का. आणि तीन वाजता सुटताना फाटकाबाहेर उभी राहा, आया-आज्या एकमेकींशी बोलतात का, पोरं बाहेर येताना कशी येतात, पडलेल्या खांद्याने का धावत. तिथल्याच एखाद्या आईला विचार, तिला तिच्या पोरासाठी काय हवंय आणि काय मिळत नाही. तिच्याइतकी खरी माहिती तुला कुठल्याही साइटवर मिळायची नाही, आणि हाउसिंगमधली आई शिक्षणाची पर्वा करत नाही असं जे आपल्यात बोलतात ना, ते पाच मिनिटांत गळून पडेल.

एक सावधगिरी मात्र. तिथे घातलंस तर शाळा सुधारायला आलेय अशी जाऊ नकोस. ब्रुकलिनमध्येच २०१५-१६ ला पी. एस. ८ आणि पी. एस. ३०७ या दोन पब्लिक शाळांचं झालेलं माहिती असेल, ब्रुकलिन हाइट्समधली पी. एस. ८ बहुतेक गोरी आणि खच्चून भरलेली, जवळची ३०७ फॅरागट हाउसेस या सरकारी हाउसिंगमधल्या ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलांची, तर पी. एस. ८ च्या झोनमधला डम्बोचा भाग ३०७ च्या झोनमध्ये टाकायचं ठरलं. डम्बोवाल्या पालकांचा विरोध सगळ्यांना दिसला. पण ३०७ च्या आयांचीही भीती होती, ती कमी लोकांनी ऐकली, की आम्ही वर्षानुवर्षं उभी केलेली शाळा, तिथे मँडरिन पण शिकवायचे, आता पैसेवाले येतील, पीटीए, म्हणजे पालक-शिक्षकांची संघटना, ताब्यात घेतील, आणि हळूहळू आमच्याच पोरांना जागा उरणार नाही. त्यांची भीती खोटी नव्हती, शहरात असं झालेलं आहे. म्हणून पहिलं वर्षभर पीटीएच्या मीटिंगला जा, मागे बस, ऐक, खुर्च्या लाव, आवरायला थांब. निधी गोळा करायच्या मोठ्या मोठ्या कल्पना पहिल्याच महिन्यात नकोत. आणि वाढदिवसाला फक्त गिफ्टेडवाल्या मैत्रिणीच्या पोरांना न बोलवता वर्गातल्या पोरांना बोलव, त्यांच्याकडे बोलावलं तर हाउसिंगच्या लिफ्टने वर जा. तुम्ही दोघं गेला नाहीत तर नुसती पोर एकाच वर्गात बसली, एवढंच होईल.

तुझी दुसरी काळजी, जी तू लिहिली नाहीस पण मला दिसते, की ती एकटी पडेल. वर्गात एकटीच इंडियन, डब्यात पोळी-भाजी, नाव कोणाला घेता येत नाही. पडेलही थोडी. पहिले दोन महिने घरी येऊन रडली तर घाबरू नकोस, टीचरला रोज चिठ्ठी लिही, नावाचा उच्चार तिला लिहून दे. आणि एक सांगते, पाच वर्षांची पोरं वास-बिस लवकर विसरतात, आठवड्यात पोळीचे वाटे व्हायला लागतात. पण जर खरंच चालत नसेल, तिला कोणी मारतंय आणि शाळा हलत नाही, किंवा डिसेंबर उलटला तरी वाचनात काही पुढे नाही आणि विचारलं तर उत्तर मिळत नाही, तर काढ तिला. मी कुठल्याही तत्त्वासाठी लेकराला भोगायला लाव असं सांगणार नाही. काढायचं कारण मात्र तू डोळ्यांनी बघितलेलं असू दे, वर्गात कोण बसलंय हे नको. आणि जायच्या आधी प्रिन्सिपलकडे लेखी तक्रार कर, कारण तुझ्याकडे जायला दुसरी जागा आहे, तिच्या शेजारी बसणाऱ्या पोरीकडे नसेल, आणि तीच खोट तिलाही भोगावी लागणार.

फॉर्मचं काम सोपं आहे. मायस्कूल्स या शहराच्या प्रवेशाच्या साइटवर बारा शाळा लावता येतात, तुम्हाला खरोखर ज्या क्रमाने हव्या त्याच क्रमाने लावा, त्यात हुशारी करायची काही गरज नसते, झोनची शाळा कितव्याही नंबरवर ठेवली तरी तिथलं झोनचं प्राधान्य जात नाही. पत्त्याचे दोन पुरावे आत्ताच काढून ठेव, लीज आणि लाइटबिल. मित्राच्या पत्त्यावर वगैरे कोणी सुचवलं तर नाही म्हण.

टूरला पोरीला पण ने. ती कुठे थांबते, कशाला हात लावते, सुटायच्या वेळी परत निघायला तयार असते का, ते बघ. नवऱ्याला त्या दिवशी सकाळची सुट्टी काढायला लाव, व्हिडिओवर दाखवते असं चालणार नाही. आणि गणपतीतल्या त्या काकू परत भेटल्या तर सांग, मी गेले होते बघायला, आणि त्या दिवशी काय काय दिसलं ते सगळं सांग त्यांना, चहा घेत, सावकाश. त्यांच्या सुनेचं पण बाळ अडीच वर्षांचं असेल एव्हाना.

टूर झाली की मला लिही. वाट बघते.

तुझी ताई